जबड्यातली देवी

बन्नीमंटप वस्तीतल्या एका घरी दर शुक्रवारी चपला ठेवायला जागा उरत नसे. सोफ्यावर वीस वर्षांची सुष्मा, गळ्यात मल्लिगेच्या शुभ्र फुलांचा हार. शेजारचे जगन्नाथराव तिच्या कानापाशी माइक धरून गर्जत, "जगदंबा शब्दांनी नाही, हाडांनी बोलते! एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही. आई, तोंड उघड!"

"कट्!" स्पीकरमधून आवाज येई आणि प्रश्न घेऊन आलेल्या बायका हात जोडत.

मागे कॉफीचे लोटे भरणारी थोरली बहीण नागरत्ना मनातून जळत असे. हेब्बाळच्या कंपनीत राबून ती घरी येई, तर आई इंदिराबाई धाकटीचे पाय चेपत बसलेली. थोरलीला "जेवलीस का?" विचारायलाही कुणाला सवड नव्हती. देवीला हीच बरी सापडली!

एकदा कंपनीच्या बसमध्ये तांदळाच्या पिठाचं कडक निप्पट्टू चावताना तिच्याही कानापाशी वाजलं. कट्! तिला आधी आनंदच झाला. म्हणजे देवी माझ्यातही आहे! घरी आरशासमोर ती तोंड उघडत-मिटत बसली. उघडलं की एकदा, मिटलं की पुन्हा एकदा. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'हो' हवं असलं की जगन्नाथराव नुसतं "उघड" म्हणून माइक बाजूला घेत. 'नाही' हवं असलं की म्हणत, "उघड, मीट!"

आईला विचारलं तर ती म्हणाली, "अय्यो, माझाही जबडा वाजायचा की तरुणपणी!"

दंतवैद्य पावनीने नागरत्नाला तपासून सांगितलं, "जबड्याच्या सांध्यात मऊ चकती असते. ती सरकली की आवाज होतो. काही घराण्यांत हा कल आईकडून लेकीकडे येतो. कल हं, शाप नव्हे. पण बहिणीला सारखा आ करायला लावू नका, जबडा अडकेल."

अडकू दे, नागरत्नाच्या मनात आलं. दोन शुक्रवार ती गप्प राहिली.

तिसऱ्या शुक्रवारी गोदा नावाच्या बाईने विचारलं, "मुलाची इन्सुलिनची इंजेक्शनं बंद करू का?"

"उघड, आई!" कट्! "ऐकलंत? बंद करा!"

नागरत्नाने माइक हिसकावून आपल्या कानापाशी धरला आणि तोंड उघडलं. कट्. "हे तुमचं हो." तिने तोंड मिटलं. कट्. "आणि हे नाही. आमच्या आईचा जबडा वाजायचा, माझा वाजतो, हिचा वाजतो. सांध्याचा दोष आहे हा. उत्तर हे काका ठरवतात!"

जगन्नाथराव "देवीचा कोप..." असं पुटपुटत चपला शोधू लागले. सुष्मा रडू लागली. "अक्का, महिनाभर घास चावताना दुखतंय गं. बोललीस तर देवी रागावेल, असं काका म्हणाले."

नागरत्नाला तिच्याकडे बघवेना. दोन आठवडे आपण काय बघत बसलो होतो? तिने बहिणीच्या गळ्यातला हार काढला आणि गोदाकडे वळली.

"आधी घरी जाऊन मुलाला इंजेक्शन द्या. शरीराचं काही अडलं तर डॉक्टरला विचारा. आणि 'डॉक्टर नको' म्हणणारा भेटला, तर का नको, हे त्यालाच चारचौघांत विचारा."