हसणारा नंदी

निपाणीच्या गुरांच्या बाजारात त्या दिवशी तंबाखूचे व्यापारीसुद्धा गाद्या सोडून धावले. नंदीस्वामींचा वळू हसत होता! मान वर, ओठ मुडपलेला, वरची हिरडी उघडी. स्वामी गाभण न राहणाऱ्या गाईवरून भगवं फडकं फिरवत, वळूच्या नाकाशी नेत आणि गर्जत, "नंदी हसला, शाप फिटला!"

गर्दीत धोंडूबाई कपिलेचं दावं धरून उभी होती. लेक बाळंतपणात गेली. तान्ही नात कपिलेच्या दुधावर जगत होती. गाय विऊन कितीतरी महिने झाले, माजावर येईना, दूध आटत चाललेलं. तिच्यासाठी नंदी याआधी दोनदा हसला होता. दर खेपेला स्वामींनी तूप घेतलं आणि बजावलं, "काळी झूल घाल, अंधाऱ्या खोलीत बांध. दृष्ट लागंल."

"तिसऱ्यांदा आलीस व्हय? तुझ्याच मनात खोट हाय!" स्वामी तिच्यावर खेकसले.

बाजारात गुरं तपासणारे डॉक्टर मारुतीराव पुढं आले.

"मावशी, माज बघितलासा कधी? शेपटीखाली चिकट तार?"

"झुलीखाली काय दिसतंय, डॉक्टर? शेणबी अंधारातच काढतो."

मारुतीरावांनी फडकं हुंगलं, नाक मुरडलं आणि ते अलगद स्वामींच्याच पाठीवर टाकलं. वळू आला. त्यानं फडकं हुंगलं. हसला. मग पुढचे दोन्ही पाय उचलून स्वामींवर चढायलाच निघाला! स्वामी धोतर सावरत तंबाखूच्या पोत्यांमागं पळाले.

"स्वामी," गुरांचा दलाल मष्णू हेडी ओरडला, "तुमचाबी शाप फिटला की वो!"

"माजावरच्या गाईच्या मुतात भिजवलंय हे," मारुतीराव म्हणाले. "तो वास आला की कुठलाही वळू ओठ मुडपतो. हसत न्हाय, हुंगतोय."

सगळे हसले. धोंडूबाई तेवढी डॉक्टरांकडं वळली.

"म्हंजे माझी कपिला...?"

"तीन आठवड्यांनी माज येतो, दिवसभरात जातो. तुमच्या झुलीखाली कितीदा येऊन गेला असंल, कुणाला ठाऊक."

त्या दिवसापासून कपिला उघड्यावर, शेजारच्या गाईंजवळ. धोंडूबाई रोज फटफटताच शेपटी उचलून बघायची. काही नाही. आचळ पिळून धारही लागेना. पोर कोरडं रडायची. शेजारची ब्राह्मी वाटीभर दूध देऊन जायची, "आक्का, घ्या, पोरीला पाजा." धोंडूबाईला नजर वर करवत नसे.

एका पहाटे कपिला हंबरली आणि दुसऱ्या गाईवर चढली. शेपटीखाली काचेसारखी तार लोंबत होती.

"रायाप्पाऽ, ऊठ रं! वळू आण!" धोंडूबाईनं शेजाऱ्याला हाक दिली.

गाय फळली. वासरू यायला नऊ महिने. तोवर पोर ब्राह्मीच्या वाटीवरच जगली. धोंडूबाई मात्र गल्लीत भेटेल त्याला अडवून सांगायची,

"देवाचा राग मागनं हुडका. आधी झूल उचलून बघा."