गादीपाट जाड झालाय

माझा सासरा भर दुकानात कापड चाटतो. गादीपाटाचा, म्हणजे गादीच्या खोळीच्या पट्टेरी सुती कापडाचा, गठ्ठा टेबलावर उलगडायचा, त्याचा कोपरा तोंडात घालून ओला करायचा, मग खिशातल्या जाडी मोजायच्या चिमट्यात धरायचा आणि डोळे बारीक करून म्हणायचं, "जाड झालाय." मागे गोधडीवाल्या बायका कापडं हातात घेऊन रांगेत उभ्या असतात. त्या माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते.

केंटकीतल्या आमच्या डोंगराळ भागात ठासणीच्या बंदुकीचा नाद अजून सुटलेला नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तोंडावर ओली सुती चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, आणि लाकडी गजानं दोन्ही तळापर्यंत ठासायचं. चिंधी घट्ट बसली तर गोळी सरळ जाते. पातळ असली तर जळून भोकं पडतात आणि गोळी जाते शेजाऱ्याच्या कुंपणात. म्हणून कापडाची ही चिकित्सा. डॅरेलनं माझ्याशी लग्न करताना याच्या निम्मीही केली नव्हती.

डॅरेल म्हणजे माझा नवरा, होबार्ट स्कॅग्जचा मुलगा. होबार्टला आम्ही सगळे पॅप म्हणतो. आणि मी ट्वायला, गावातल्या एकुलत्या एक कापडाच्या दुकानात कात्री चालवणारी. त्यामुळे कापडात जे काही बिघडलं ते माझ्यामुळे बिघडलं, अशी पॅपची पक्की समजूत.

त्या वर्षी उन्हाळाभर हेच चाललं होतं. गादीपाट जाड झाला म्हणून मी ड्रिलचं कापड काढलं. "हा दोरखंड आहे." जीनचं काढलं. "हे बैलाला शिव." मांजरपाट दाखवला, तर त्यातला एक धागा ओढून लायटरनं जाळला, राख बोटांत चुरगाळली आणि म्हणाला, "सुती आहे, पण पातळ आहे. पहिल्याच बाराला जळेल." बरोबर होतं ते. पण दुकानात धागे जाळल्याबद्दल मालकिणीनं मलाच सुनावलं. मी गादीपाट घरी नेऊन गरम पाण्यात खळ निघेपर्यंत धुतला, वाळवला, परत धुतला. पॅपनं चिमटा लावला. "जाड."

"पॅप, अहो तोच आहे. तुम्ही इतकी वर्षं वापरता तोच. तीच निळी पट्टी, तोच माग."

"माग बदललाय त्यांनी. आता सगळे चोर झालेत."

"कापड जाड देऊन कोण चोरी करतं?"

तो टोपी घालून निघून गेला.

खरं सांगायचं तर मलाही शंका येऊ लागली होती, कारण क्लोव्हिस गेव्हेडनही तेच म्हणत आला. क्लोव्हिस पॅपचा जन्मभराचा प्रतिस्पर्धी. ह्याचा नेम लागला की त्याला जेवण जात नाही, अशी दोस्ती. त्यानं काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारलं, "ट्वायला, गादीपाटात थोडा पातळ माल येतो का गं? हल्लीचा जरा जाड लागतोय." दोन वैरी एकच तक्रार घेऊन आले म्हणजे काहीतरी असणार. मी घाऊक व्यापाऱ्याला फोन करून चोर म्हटलं. तो म्हणाला, बाई, मालात काडीचा बदल नाही. मग मी पॅपच्या जुन्या चामडी पिशवीतून वर्षानुवर्षं पडून राहिलेली एक चिंधी काढली आणि नव्या कापडाशेजारी मोजली. दोन्ही सारखी. केसाचाही फरक नाही.

पॅपला दाखवलं. "तू चिमटा जोरात दाबतेस," तो म्हणाला.

देवाशप्पथ, त्या दिवशी मी तो चिमटा नदीत फेकला असता.

घाईचं कारण होतं ऑक्टोबर. ऑक्टोबरात चर्चमागच्या माळावर नेमबाजीचा दिवस असतो. एक खोंड कापतात आणि त्याच्या मांसाचे वाटे बक्षीस लावतात. जुना नियम असा, की ज्याची बंदूक त्यानंच ठासायची. दुसऱ्याचा हात गजाला लागला की नाव बाद. पॅपनं तिथलं एकही वर्ष चुकवलेलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा तो गेला होता, काळा कोट घालून. आता म्हणत होता, "असल्या कापडावर मी तिथं उभा राहून हसं करून घेणार नाही. धड कापड दे, नाहीतर मी येत नाही." आणि येत नाही म्हणजे काय होणार ते घरात सगळ्यांना कळत होतं. त्या दिवसाच्या भरवशावर हा माणूस वर्षभर उठून बसायचा, दाढी करायचा, जेवायचा.

शेवटी एका रविवारी माझं डोकं सटकलं. चर्चहून आल्यावर बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन पॅप परसात खांबावर नेम धरायला गेला, तशी मी गादीपाटाचा अख्खा तुकडा घेऊन मागोमाग गेले.

"चला, माझ्यासमोर ठासा. बघू दे मला, कापडाला काय रोग झालाय ते."

नळी आतून पुसून लख्ख केलेली होती, म्हणजे काजळीचंही निमित्त नव्हतं. त्यानं दारू ओतली, चिंधी ठेवली, गोळी ठेवली, आखूड लाकडी ठोकणीनं ठोकून आत घातली आणि गज लावला. गज थोडा गेला आणि अडला. पॅप त्याच्यावर वाकला, श्वास रोखून रेटला, दोन्ही हातांनी रेटला. मग थांबला. "बघ," तो म्हणाला. "जाड."

मी बघत होते ते गजावरच्या खुणेकडे. गोळी तळाला बसली की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. प्रत्येकाच्या गजावर अशी एक खाच असते. पॅपची खाच तोंडाच्या चांगली चार बोटं वर होती, आणि त्यानं गज ओढून काढायला हात घातला होता. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली आणि बार काढला तर नळी फुटू शकते. हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मला शिकवलं होतं ते पॅपनंच.

"असेच बार काढताय तुम्ही?"

"जातं तेवढं पुरतं."

"पुरतं? डोळे जातील, पॅप! नाचता येईना अंगण वाकडं झालंय तुमचं. सारखं कापड, कापड, कापड! इकडे द्या तो गज."

दिला त्यानं. का दिला कोण जाणे, बहुतेक मला तोंडघशी पाडायला. मी गज नळीच्या तोंडाजवळ धरला, कारण वरून धरून रेटला तर मोडून तळहातात घुसतो, आणि थोडा थोडा करत दाबला. गेला. काही अडलं नाही, जोरही फारसा लागला नाही. खाच तोंडाशी आली आणि थांबली.

मी जिंकले होते. तो आनंद मला एक श्वासभर टिकला.

पॅप खाचेकडे बघत होता. मग माझ्या हाताकडे. मग त्यानं स्वतःची मूठ उघडली, मिटली, परत उघडली.  बंदुकीला ठिणगी पाडणारी छोटी टोपी चढवली, ती खांद्याला टेकवली आणि बार काढला. खांबावरच्या कागदाच्या मधोमध भोक पडलं. तो चालत पुढे गेला, गवतातून जळकी चिंधी शोधून उचलली, कारण ठासणीवाले नेहमी चिंधीलाच विचारतात काय झालं ते. मध्ये काळा डाग, कडा शाबूत, एकही भोक नाही.

"कापड चांगलं आहे," तो म्हणाला आणि घरात गेला.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. बंदूक पुसली नाही, आणि पॅपनं बंदूक पुसली नाही म्हणजे दुसऱ्या कुणी देवाची प्रार्थना सोडल्यासारखं आहे. दाढी वाढली. मी डॅरेलला सांगितलं तर तो ताटाकडे बघत म्हणाला, "हं. वसंत ऋतूपासून तसंच आहे. खांदा गेलाय त्याचा."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना! आणि मी मूर्खासारखी उन्हाळाभर कापडं धुतेय? व्यापाऱ्याशी भांडतेय?"

"तो कापडाची तक्रार करत होता, ट्वायला. करू द्यायची. मांजरपाट द्यायचा, पातळ, सहज आत सरकणारा, म्हणायचं हाच हवा होता तुम्हाला. गोळी गेली असती इकडेतिकडे. खोंडाचं मांस आपण विकत आणतोच की."

"आणि तोवर नळी फुटली असती म्हणजे?"

डॅरेल ताट घेऊन उठला. ह्या घरातल्या पुरुषांचं हे एक बरं असतं. दुखणं सगळ्यांना दिसतं आणि नाव कापडाचं घ्यायचं. मला राग त्याचा आला, पॅपचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. मी कात्रीवाली. माणूस कापडाला नावं ठेवतोय म्हटल्यावर मी कापडच तपासत बसले.

ऑक्टोबरचा तो दिवस उजाडला तेव्हा पॅप दाढी करून, काळा कोट घालून अंगणात उभा. बंदूक खांद्यावर.  डॅरेलनं गाडी काढली.

माळावर नेहमीचीच मंडळी, एक वर्षानं आणखी वाकलेली. त्या वर्षी पंच क्लोव्हिस होता, स्वतः खेळणारही होता. पॅपची पाळी आली. त्यानं दारू ओतली, गादीपाटाची चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गज लावला. गज अडला. त्यानं रेटला. मान लाल झाली. आजूबाजूचे सगळे एकदम आभाळ, झाडं, आपापले बूट बघायला लागले. मला वाटलं, आता गज ओढून काढेल आणि तसाच बार काढेल. मी डॅरेलच्या बाहीला धरलं.

पॅपनं गज तिथंच सोडला. वळला. "ट्वायला," त्यानं हाक मारली, "इकडे ये पोरी."

"होबार्ट," क्लोव्हिस खालच्या आवाजात म्हणाला, "नियम माहीत आहे ना तुला?"

"तुझ्या आधीपासून माहीत आहे. नाव खोड माझं. पण अर्ध्यात अडकलेली गोळी मी नळीत ठेवणार नाही."

मी पुढे गेले. एवढ्या माणसांसमोर चालतानाही चिडलेलीच होते, कारण मला रडू येत होतं. गज खाचेपर्यंत दाबला. पॅपनं बार काढला, मोजला न जाणारा, आणि मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "गादीपाटात काही बिघडलेलं नाही. मी मोजलाय. तुम्हीही उगाच त्या पोरीच्या मागे लागू नका."

 क्लोव्हिसनं पॅपचं नाव खोडलं, पुढची दोन नावं पुकारली, त्यांचे बार झाले. मग त्याची स्वतःची पाळी. दारू, चिंधी, गोळी. त्यानं गज लावला आणि रेटू लागला, आणि मी बघायचं नाही म्हणून जमिनीकडे बघत राहिले. 

"ट्वायला," क्लोव्हिस म्हणाला. "जरा ये इकडे."

मी गेले. त्याचा गज धरला. तोही मधेच अडकलेला, खाच चांगली वर.

"तुम्ही तरी आधी सांगायचंत, क्लोव्हिसकाका," मी कुजबुजले. "मी व्यापाऱ्याला चोर म्हटलं."

"काय सांगायचं?" तो वैतागून म्हणाला. "कापडावर ढकललं होतं, बरं चाललं होतं सगळ्यांचं. तुला आणि त्याला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला?"

मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि यादीत पॅपच्या नावापाठोपाठ स्वतःचंही नाव खोडलं.