श्यामलाबाईंचे प्रश्न

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी अनंतराव कसबा पेठेतल्या आपल्या दुकानात एक रेडिओ उघडून बसले होते. सकाळचे अकरा वाजले होते. समोर रिक्षा थांबली आणि सुनीती मॅडम उतरल्या. मॅडम म्हणजे अनंतरावांच्या बायकोच्या, श्यामलाबाईंच्या पीएचडीच्या गाइड, पण वयाने बाईंहून बारा वर्षांनी लहान. दुकानात कधी आलेल्या नव्हत्या. पायरीवर त्यांनी चपला काढल्या. रेडिओच्या दुकानात कोणी चपला काढत नाही. अनंतराव तेवढ्यावरून उठून उभे राहिले.

"लायब्ररीत बसल्या बसल्या मान टाकली," मॅडम म्हणाल्या. "दवाखान्यात नेलं लगेच. पण ताई नाही राहिल्या."

श्यामलाबाई शाळेत शिकवत. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी भाषाशास्त्रात पीएचडीला नाव घातलं. शेजारचे आप्पासाहेब म्हणाले होते, "आता या वयात डॉक्टर होऊन कोणाला सुई टोचणार?"

"पहिली तुम्हालाच," बाई म्हणाल्या होत्या.

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या बायका घरातल्या माणसांना काय म्हणून हाक मारतात, नवऱ्याचं नाव घेतात की नाही, हा त्यांचा विषय. चार वर्षं दर रविवारी दोघं स्कूटरवरून मांजरीला जात. पुरुषासमोर बायका असलं काही बोलत नाहीत, म्हणून अनंतराव बाहेर ओट्यावर बसत. टेपरेकॉर्डर बाई स्वतः चालवत.

महिन्याभराने सुनीती मॅडम घरी आल्या.

"टेपा विद्यापीठात आमच्या विभागात ठेवून घ्यायच्या आहेत. पुढच्या कोणाला तरी ताईंचं काम पुरं करता येईल. पण टेपांत नुसती उत्तरं आहेत, अनंतराव. ताईंचा एकही प्रश्न नाही. 'व्हय', 'न्हाय', 'एकदाच'. कशाचं व्हय आणि कशाचं न्हाय? असं असेल तर ठेवून उपयोग नाही."

चूक अनंतरावांचीच होती. पहिल्याच रविवारी त्यांनी बाईंना शिकवलं होतं, "तू बोलशील तेव्हा हा खटका दाबायचा. म्हणजे टेप थांबते. टेपही वाचते, सेलही वाचतात." मॅडमनी पुढे सांगितलं होतं की टेप चालूच ठेवा. पण बाईंच्या बोटाला सवय लागली ती लागलीच. "प्रश्न माझ्या डोक्यात आहेत," त्या म्हणायच्या. "प्रबंध लिहिताना घालीन."

त्या आठवड्यात रोज दुकान बंद ठेवून अनंतरावांनी टेपा ऐकल्या. चौतीस टेपा. मांजरीच्या बायका हसत होत्या, भांडत होत्या, 'बाई, भाकरी खाऊन जा' म्हणत होत्या. श्यामलाबाई कुठेच नव्हत्या.

रविवारी त्यांनी टेपरेकॉर्डर स्कूटरला बांधला आणि एकटेच मांजरीला गेले. टेपांत बोललेल्या बायकांपैकी तुळजाबाई गोठ्यात होत्या. श्यामलाबाईंना त्या लेक म्हणत, त्यामुळे हे जावई.

"या जावईबापू." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आज ओट्यावर नगा बसू. आत या."

अनंतरावांनी टेप लावली. तुळजाबाईंचा आवाज आला, "न्हाय. कधीच न्हाय."

"ह्याच्या आधी तिने काय विचारलं होतं, आठवतं का?"

"आठवतंय की. 'मालक परगावी गेल्यावर तरी नाव घेता का?' असं इचारलं. लई खोचक इचारायची. आन् उत्तर देईस्तवर तोंडाकडं बघत बसायची."

अनंतरावांनी वहीत लिहून घेतलं. प्रश्नामागून प्रश्न निघत गेले. एका ठिकाणी टेपेत तुळजाबाई एकदम खो खो हसल्या.

"हे कशाला हसलात?"

"ते व्हय?" म्हातारी पुन्हा हसली. "मीच तिला इचारलं, आमाला खोदून इचारतीस, तू काय म्हनतीस तुज्या मालकाला? म्हनली, तोंडावर 'अहो'. भांडन झालं की 'रेडिओवाले'."

"ते माहीत आहे मला."

"आन् तुमी ओट्यावर डुलकी घेत बसला की खिडकीतनं बघून म्हनायची, 'आमचा अनंता पेंगला बघा.'"

अनंतरावांनी खटका दाबून टेप थांबवली. तुळजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हे लिवायचं न्हाय का वहीत?"

"लिहितो," ते म्हणाले, आणि मास्तरांनी शुद्धलेखन घातल्यासारखा शब्दन् शब्द लिहिला.

पुढच्या सोमवारी सुनीती मॅडमनी वही चाळली. त्या पानावर जरा थांबल्या. "हेही राहू दे," म्हणाल्या. "कामाचंच आहे. बाकीचंही आणा, मग सगळं एकदम ठेवून घेऊ."

आतापर्यंत अकरा टेपांचे प्रश्न लिहून झालेत. तेवीस राहिल्यात. त्यातल्या सहा मैनाबाईंच्या आहेत, आणि मैनाबाई हल्ली वारज्याला मुलाकडे असतात. त्यांच्याकडे अजून जायचं आहे.