मागून मारलेली हाक

आमच्या ह्यांचा जगप्रवास मी मोडला, असं मिठबावात आजही सांगतात. गावात नवी सून आली की विहिरीवर तिला माझी ओळख अशीच करून देतात, ही सुगंधा, हिने निघालेल्या नवऱ्याला मागून हाक मारली. मी घागर भरते आणि घरी येते. कुणाकुणाचं तोंड धरणार? पण एकदा सगळं झालं तसं सांगून टाकायचं आहे, म्हणजे माझ्या पोटातली आग तरी जरा निवेल.

साल सत्तावन्न. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे मुंबईला एका कापडाच्या पेढीत कारकून होते. ती नोकरी सोडून गावी आले ते डोक्यात एक वेड घेऊनच. कुणी दोन तरुण पायी जग फिरायला निघाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आता हेही निघणार होते. मुंबईहून बोटीनं बसऱ्याला जायचं, आणि तिथून कधी पायी, कधी मिळेल त्या गाडीनं, इराण, तुर्कस्तान करत थेट लंडन गाठायचं. दोन वर्षांचा बेत होता. पासपोर्ट निघाला. शेजारच्या धोंडू तांडेलानं शिडाच्या जाड कापडाची पाठीवर घ्यायची पिशवी शिवून दिली. ती पाठीला लावून हे अंगणात फेऱ्या मारत, आणि कुंपणापलीकडून माणसं बघत.

शाळेत ह्यांचं भाषण झालं. "आमच्या लोकांचे पाय शकुन-अपशकुनांनी बांधलेले आहेत," हे म्हणाले. "मांजर आडवं गेलं की घरी, कुणी शिंकलं की घरी. अशानं जग कधी दिसायचं?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता.

पण ह्या दोन वर्षांत मी काय करायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंसोबत, म्हणजे काशीबाईंसोबत, भात कांडायचं, नारळ सोलायचे आणि लंडनहून पत्र येतं का म्हणून पोस्टमनची वाट बघायची, एवढंच माझ्या वाट्याला होतं. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झालेली. कसालला माझी राधाबाई मावशी राहते. तिनं कळवलं की तिथल्या शाळेत मास्तरणीची जागा रिकामी आहे. राहायला तिचं घर होतंच. फक्त अर्जावर नवऱ्याची संमतीची सही हवी, आणि हे निघाल्यावर येणाऱ्या सोमवारच्या आत अर्ज पोचायला हवा. मला जग नको होतं. कसाल पुरे होतं.

अर्ज मी ह्यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा निघायला बारा दिवस होते. ह्यांनी तो नीट वाचला.

"करतंय गो सही," हे म्हणाले. "घाई कसली?"

दुसऱ्या दिवशी नकाशा बघायचा होता. तिसऱ्या दिवशी बूट आले. चौथ्या दिवशी डोकं दुखत होतं. नको असंही म्हणेनात आणि करेनातही. नको म्हणाले असते तर निदान मी भांडले असते.

अशातच मुहूर्त निघाला गुरुवार सकाळचा, आणि देवगडहून मुंबईची बोट होती शनिवारची. आमच्याकडे त्यावर तोड आहे. मुहूर्तावर प्रवासाचं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की माणूस निघाला असं धरतात. ह्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. खरं निघणं मग दोन दिवसांनी झालं तरी चालतं. सासूबाईंचा नियम त्याहून कडक. पिशवी गेली म्हणजे माणूसही गेला, आता त्यानं घराची पायरी चढायची नाही. मला वाटलं, शाळेत भाषण ठोकणारा माणूस हे हसण्यावारी नेईल. हे म्हणाले, "आयेच्या समाधानाक." आणि गुरुवारी सकाळी पिशवी घेऊन धोंडूच्या पडवीत जाऊन बसले.

तिथून आमचं अंगण दिसायचं. दोन दिवस माझा नवरा परदेशी होता आणि मी त्याला माडाखाली दात घासताना बघत होते.

शुक्रवारी अर्ज घेऊन मी धोंडूच्या घरी गेले. सासूबाई तिथंच लाडू वळत बसल्या होत्या. त्यांनी मला दारातच अडवलं.

"प्रस्थान ठेवलेल्या माणसाक घरचो कागद दाखवू नको गो," त्या म्हणाल्या. "घरची ओढ लागली की प्रवास बिघाडता."

"आये, एक सही तर करूची आसा."

"सही बंदरावर करतलो तो. थय घर नाय, दार नाय."

हे आतून ऐकत होते. "होय, होय," ओरडले, "बंदरावर करतंय. पेन घेवन ये." त्यांच्या आवाजात मला सुटल्यासारखं काहीतरी वाटलं, पण मी म्हटलं, असेल, निघायच्या गडबडीत आहेत. आम्हा बायकांना नवऱ्यासाठी सबबी शोधायची सवयच लागलेली असते.

शनिवारी उजाडताच गाव वेशीपर्यंत आला. पायी जग फिरायचं तर देवगडलाही पायीच जायचं, असं ह्यांचं ठरलेलं. पाठीवर पिशवी, पायात नवे बूट, गळ्यात झेंडूची माळ. मी आणि सासूबाई मागून बैलगाडीत. माझ्या कमरेला अर्जाची घडी खोचलेली, आणि शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेलं फाउंटन पेन हातात. निब खाली करू नको, शाई गळते, असं मास्तरांनी बजावलं होतं. म्हणून ते मी सगळी वाट उभं धरलं होतं.

कुणकेश्वर यायच्या आतच बुटांनी ह्यांची टाच सोलून काढली. पहिल्यांदा पिशवी गाडीत आली. मग बूट आले. मग हे स्वतः आले आणि म्हणाले, "लोकांका दिसूचा नाय, ताडपत्री जरा फुडे ओढ." लंडन अजून पाच-सहा हजार मैल होतं. मला हसू आलं, ते मी गिळलं.

कुणकेश्वरला देवळात नारळ ठेवला. सासूबाईंच्या सांगण्यावरून गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू परमुलखात चललो आसा. तेच्या वाटेत काय वाकडा-नाकडा असात ता दूर कर, म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"आणि तेका सुखरूप घराक परत हाड, म्हाराजा."

सुखरूप परत आणायच्या ह्या मागण्याला ह्यांचा "होय म्हाराजा" एवढा मोठ्यानं झाला की गुरवानं वळून पाहिलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र पेनाकडे बघत होते, शाई आहे ना, गळली नाही ना. देवाकडे मी तेवढंच मागितलं, सही होऊ दे.

खाडीवर गाडी सोडली, तरीच्या होडीनं पलीकडे गेलो आणि दुपार कलायच्या वेळी देवगडच्या बंदरावर पोचलो. बोट दूर खोल पाण्यात उभी होती. बंदरातून तिथवर माणसांना पडावातून न्यावं लागे. आपल्या माणसाला आपणच बोटीवर चढवायचं म्हणून धोंडू मिठबावहून समुद्रमार्गे आपला पडाव घेऊन आधीच आला होता. देवगडची चार प्रतिष्ठित माणसं हार घेऊन उभी होती. त्यातल्या एकानं ह्यांना बोलायला सांगितलं, आणि सोललेल्या टाचा परत बुटात कोंबून हे बोलले. पुन्हा तेच. शकुन, अपशकुन, बांधलेले पाय.

भाषण संपताच मी पुढे झाले. "सही ऱ्हवली," मी हळूच म्हटलं.

"पडावात बसताना करतंय."

हे पडावाकडे निघाले तशी मी पुन्हा पुढे झाले. कागद उलगडला, पेनाचं टोपण काढलं. कुणीतरी ह्यांना पेढा भरवत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि त्या माणसाशी बसऱ्याच्या हवेबद्दल बोलायला लागले. मी तशीच उभी. आमच्यामधून सामान गेलं, कोंबड्यांची खुराडी गेली, एक आजारी म्हातारा उचलून नेला. परत समोर पाहते तो हे पडावात चढून पाण्याकडे तोंड करून बसलेले, आणि धोंडू दोर सोडतो आहे.

तेव्हा मला कळलं. बारा दिवस जे कळत होतं आणि मी कळू देत नव्हते ते तेव्हा सगळं कळलं. हे सही करणारच नव्हते. बायको घरी राहिलेली ह्यांना हवी होती, आणि तसं तोंडानं सांगायची हिंमत नव्हती.

"अहो!" मी ओरडले.

बंदरावर शंभर बायका होत्या आणि सगळ्यांचे "अहो" होते. कुणीच वळलं नाही. पडाव हातभर सुटला, दोन हात सुटला. माझ्या हातात कागद फडफडत होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. नवऱ्याचं नाव तर मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी जिभेवर घेतलं नव्हतं.

"गुरुदास!" मी गळा फाडून हाक मारली. "ओ गुरुदास! सही करून जावा!"

आणि सगळं बंदर वळलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. हार आणणारी माणसं माझ्याकडे बघायला लागली, तीच माणसं, ज्यांनी आत्ताच टाळ्या वाजवल्या होत्या.

पडावात हे वळले. धोंडू साधा माणूस, शाळेचं तोंड न पाहिलेला. तो हसून म्हणाला, "गुरुदासा, वारो केदो आसा! माका तर काय आयकूक नाय इला. चल, मारतंय वल्हा."

"थांब," हे म्हणाले. "मागसून हाक इली."

"अरे, आमी दर्यार जाताना पोरा रोज हाका मारतत. त्याका काय होता?"

"नाय धोंडू. अपशकुन झालो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि ह्यांचं तोंड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते तोंड रागावलेलं नव्हतं, दुःखी तर नव्हतंच. पोट दुखतं म्हणून शाळेला सुट्टी मिळालेल्या पोराचं असतं तसं ते तोंड होतं. मांडीभर पाण्यात ह्यांनी उडी टाकली, हारांसकट, आणि किनाऱ्याला आले. मग लोकांकडे बघून त्यांनी चेहरा बदलला, मान खाली घातली.

"एवढो जगप्रवास," कुणीतरी हळहळलं. "बायलेन मोडल्यान."

ह्यांनी नाही म्हटलं नाही.

मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. कागद पुढे धरला. "सही करा आणि जावा," मी म्हटलं. "बोट अजून उभी आसा. धोंडूभावजी न्हेतत."

ह्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. मला वाटलं, करतायत. ह्यांनी त्याला टोपण लावलं आणि ते नीट खिशाला अडकवलं.

"सही आता कित्याक?" हे म्हणाले. "मी हयच आसंय मा."

बोटीचा भोंगा झाला. हार आणणाऱ्यांतला एक जण ह्यांच्या पाठीवर हात ठेवून समजूत घालत होता. सासूबाई उठल्या, त्यांनी ह्यांच्यावरून उतरायला मीठ-मोहऱ्या कुणाकडे तरी मागितल्या, आणि मला म्हणाल्या, "माझ्या पोराचा नशीब खाल्लंस." मी कागदाची घडी घातली. हाक मी मारली होती, हे खरंच होतं.

कसालची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे गावच्या सोसायटीत कारकून झाले. घरी पाहुणे आले की आजही जगप्रवास निघतो. बसऱ्याहून कसं जायचं होतं, इराणात कुठे मुक्काम करायचा होता, सगळं सांगतात, आणि शेवटी माझ्याकडे बघून मोठ्या मनानं म्हणतात, "मरांदे, तिचीय काय चूक? प्रेमान हाक मारल्यान." पाहुण्यांचे डोळे भरून येतात. मी चहा ओतत असते.

ह्यांच्या भिण्याचा मला राग नाही. एवढ्या लांबच्या वाटेला कुणीही भ्यालं असतं. मला सांगितलं असतं तर मी गावाला काहीतरी थाप मारून त्यांची लाज राखली असती. पण ह्यांना पडत्या फळाची आज्ञा हवी होती, आणि ते फळ माझ्या गळ्यातून पडलं. माझं कसाल गेलं ते गेलंच, वर त्यांची भीतीसुद्धा माझ्याच नावावर चढली.

त्याच्या पुढच्या वर्षी माघात मी एकदा म्हटलं, "आता जावा. पासपोर्ट आसा. ह्या खेपेक मी बंदरावर येवचंय नाय, घरात तोंडात पदर कोंबून बसतंय."

हे जेवत होते. भात कालवता कालवता म्हणाले, "एकदा मोडलेलो प्रवास परत करूचो नसता गो."

"कोणी सांगल्यान?"

"शास्त्र आसा," हे म्हणाले, आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.