एक विरुद्ध अकरा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगते. आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात रिसेप्शनवर दहा वर्षं काढली मी. 'बसा, नंबर आला की बोलावते' हे माझ्या तोंडून ऐकलं नाही असा पेशंट सोलापुरात सापडायचा नाही. म्हणून सिनियर रिसेप्शनिस्टची जागा निघाली तेव्हा ती माझीच, असं मी धरूनच चालले. घरी सांगूनसुद्धा मोकळी झाले. आणि शगुफ्तानं अर्ज टाकला. चार वर्षं झाली होती तिला. म्हणजे पी हळद नि हो गोरी.

तिची कामाची रीत मला कधीच पटली नाही. पेशंट समोर आला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, नंबर देतो. ही आधी विचारणार, "परत कशानं जाणार?" कुठल्या गावाची शेवटची एसटी कितीला, हे तिला तोंडपाठ. केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वेळ लिहिणार आणि दुपारनंतर नंबर मागंपुढं करणार. तेही चोरून नाही, उघड उघड. नवी पेठेतल्या एखाद्या कापड दुकानदारापुढं जाऊन म्हणणार, "भाऊ, तुमचं घर पंधरा मिनिटांवर. या मावशींची एसटी पाचची आहे. यांना आधी सोडू का?" बरेच जण हो म्हणायचे. काही जण असे उखडायचे की बाहेर रिक्षावाल्यांना ऐकू जायचं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेजारच्याला पुन्हा तेच विचारायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नंबर म्हणजे नंबर, त्यात कसली दयामाया?

आमचे मॅनेजर ऋतुराज सर. त्यांनी तोडगा काढला. एक आठवडा मुख्य टेबल शगुफ्ताकडं, पुढचा माझ्याकडं. जिच्या आठवड्यात तक्रारी कमी, तिला जागा.

शगुफ्ताच्या आठवड्यात वहीत अकरा तक्रारी पडल्या. सगळ्या शहरातल्या लोकांच्या, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आमचा नंबर मागं टाकला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. माझ्या आठवड्यात नंबर कसे ओळीनं गेले आणि वही कोरीच्या कोरी राहिली. शुक्रवारी निघताना शगुफ्ता म्हणाली, "दाक्षायणीदीदी, जागा तुमचीच. मला फार हवी होती, खोटं नाही बोलत. गाववाल्यांची वेगळी यादीच करायची होती मला, म्हणजे रोज रोज कुणाच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या."

"होईल गं पुढं कधीतरी," मी म्हटलं. मोठ्या मनाचा आव आणायला काय जातं?

शनिवारी सकाळी आठला आले, तर पायरीवर सोनाबाई बसलेल्या. मंगळवेढ्याच्या पुढं कुठंतरी वस्तीवर राहतात, वय सत्तरच्या पुढं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासायला एकट्याच आल्या होत्या. काल माझ्याच हातानं त्यांना बेचाळीस नंबर दिला होता.

"आजी, आज परत? काल तपासून झालं ना?"

"व्हय, झालं की. पर सुटायला साडेसहा वाजलं. मंगळवेढ्याला पोचूस्तोवर आमच्या वस्तीकडची गाडी ऱ्हात न्हाय. त्यात डोळ्यात औषध घातल्यालं, समदं धुरकट. मग हितल्या स्टँडवरच पडले रातभर. फोन बंद पडलाय, तेवढा चार्जिंगला लाव. लेक माळशिरसला कामाला हाय, त्यो काळजीत आसंल."

"मग काल मला सांगायचं की."

"काय सांगायचं, लेकी? तुजं काय चुकलं? नंबर तर तू बरूबर लावलास."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्यांना खरंच माझी काही चूक वाटत नव्हती. त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला, फोन चार्जिंगला लावला. मग वही उघडून लिहिलं, 'सोनाबाई, नंबर बेचाळीस. गाडी चुकली, रात्र स्टँडवर काढली. तक्रार दाक्षायणीविरुद्ध.' खाली सही केली, तीही दाक्षायणीचीच.

दहाला सरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. वही वाचून त्यांनी डोकं खाजवलं.

"तरीपण एक विरुद्ध अकराच होतंय, मॅडम. जागा तुमचीच."

"सर, ते अकरा जण तक्रार लिहून घरी गेले आणि घरचं जेवले," मी म्हटलं. "ही बाई घरीच पोचली नाही, आणि तिनं तक्रारसुद्धा केली नाही. माझ्या आठवड्यात अशा आणखी किती असतील, कुणाला ठाऊक? मी कुणाला विचारलंच नाही."

"म्हणजे तुम्हाला जागा नको?"

"हवी की. लई हवी. घरी काय तोंड दाखवू, तेच कळत नाही. पण हे काम शगुफ्ताला येतं, सर. मला नुसते नंबर देता येतात."

खरं सांगायचं तर आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं. सरांनी वही शगुफ्तापुढं सरकवली. मग म्हणाले, "ठीक आहे. शगुफ्ता, सोमवारपासून सिनियर तुम्ही."

मी तिच्याकडं बघितलं. आता ही रडेल, गळ्यात पडेल, थँक्यू दीदी म्हणेल. ती खुर्चीतून अर्धी उठली होती आणि वहीतल्या त्या तीन ओळी वाचत होती.

"दीदी, या आजी आता कुठं आहेत?"

"बाहेर बाकावर बसवलंय."

"सकाळपासून? मंगळवेढ्याची गाडी कितीला आहे, सांगितलं का त्यांना? कुणी सोडायला जाणार आहे?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना अजून नीट दिसतंय का, हेसुद्धा विचारलं नव्हतं. दोन तास ती म्हातारी बाकावर बसून होती, आणि मी सही करून मोकळी झाले होते. सरांनी अभिनंदनासाठी हात पुढं केला, तोवर शगुफ्ता दाराबाहेर गेली होती.