दोघांचं एक खोटं

जेवताना बापलेकीची पुन्हा जुंपली होती. अब्बा मदरशात नीती शिकवायचे, लेक कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान.

"खोटं ते खोटंच," ती म्हणाली. "फार तर गप्प बसावं."

"कोणाचा जीव जात असेल, तर आमच्याकडे खोटं बोलणं फर्ज आहे. गप्प बसणाराच गुन्हेगार."

इतक्यात मागचं दार ढकलून शेजारची शिवणकामवाली आत आली. ओठ फाटलेला. "सुरी घेऊन निघालाय तो," एवढंच बोलली. अब्बांनी तिला आतल्या खोलीत नेऊन कडी घातली. लेकीने पोलिसांना फोन केला, तोवर पुढच्या दारात शिवणकामवालीचा नवरा उभा.

"माझी बायको आलीय इथे?"

"नाही," अब्बा म्हणाले.

"तुम्ही मायाळू माणूस, मौलवीसाहेब. तुमचं सोडा." तो लेकीकडे वळला. "बाई, तुम्ही कधी खोटं बोलत नाही, अख्खी गल्ली सांगते. तुम्ही सांगा."

गप्प बसलं, तरी त्याला उत्तर मिळणार होतं.

"बसस्टँडकडे पळाली. मी पाहिलं."

तो तडक निघाला. तिने भिंतीला पाठ टेकली आणि पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं: सुरी घेतलेला माणूस तिने गर्दीत धाडला होता.

"मी नुसतं नाही म्हटलं," अब्बा हळूच म्हणाले. "तू त्याला वाट दाखवलीस."

तिने पुन्हा पोलिसांना फोन लावला. पोलिसांनी त्याला स्टँडवरच धरलं, पण त्याआधी मधे पडलेल्या एका हमालाच्या दंडावर सुरी चालली होती.

शिवणकामवाली संध्याकाळी भावाकडे सुखरूप पोचली. रात्री लेक मात्र जेवली नाही. अब्बांचंही ताट तसंच होतं.

"फर्जच होतं ना, अब्बा? मग तुम्ही का जेवत नाही?"

"फर्ज केलं म्हणून त्या हमालाचं रक्त आपल्याला लागत नाही, असं कुठल्या किताबात लिहिलंय? उद्या जाऊ त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने हमालाला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. अब्बा शेजारी मान खाली घालून उभे होते. हमालाने दंडावरची पट्टी सावरली.

"ती बाई जिवंत आहे?"

"आहे."

"मग बरं झालं." त्याने कूस बदलली. "पण तुम्ही दोघं आता जा. मला तुमची तोंडं बघवत नाहीत."

ते बाहेर आले. जिना उतरताना तिने अब्बांचा हात धरला. वाद कोणीच काढला नाही.