दोन कॅमेरे आणि विंझरचं माजघर

हनीफ कंटाळला होता. बावीस वर्षं भोर-वेल्ह्यातल्या लग्नांचे फोटो काढून माणूस दुसरं काय होणार? त्यात गेल्या मोसमापासून अंधारातले फोटो हलायला लागले होते. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत. पुढच्या लग्नाला गुपचूप दुसऱ्याला बोलवत. कॅमेरा म्हातारा झाला, असं हनीफनं ठरवून टाकलं आणि इरफान नावाच्या दोस्त फोटोग्राफरचा नवा कॅमेरा एका दिवसापुरता मागून आणला.

विंझरला सोनियाची हळद होती. बायकांत वावरायला बरं पडतं म्हणून बायको जाहिदा नेहमीसारखी बरोबर होती. माजघरात अंधार, आणि नवरीच्या आजीचं, साळूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून फ्लॅश बंद. चाचणीला याहून चांगली जागा कुठं मिळायची? साळूबाईंना भिंतीशी बसवून त्यानं दोन्ही कॅमेऱ्यांनी दहा-दहा फोटो काढले. नवा हलका खरा, पण मेला एवढासा की करंगळी खाली लोंबकळत राहायची. जुना हातात घट्ट बसायचा, मनगट मात्र भरून यायचं.

"अवो फोटुवालं, नवरी तिकडं हाय," साळूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कुणा करवलीनं त्याचे हात हळदीनं माखले. जुना कॅमेरा जाहिदाकडे देऊन तो मोरीवर गेला.

जेवणं झाल्यावर दोघं ओसरीवर बसले आणि हनीफनं फोटो मोठे करून पाहिले. नव्यात अंधारामुळं उमटणारे दाणे कमी, रंग गोड. पण साळूबाईंचा चेहरा दोन्हींत हललेला. एकच फोटो लख्ख होता, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा, आणि तो जुन्यातला.

"ह्यो एकच कसा काय आला?" हनीफ म्हणाला.

जाहिदा म्हणाली, "म्या काढला. तुमी हात धुवाया गेला व्हता तवा. सेटिंग तुमचंच."

हनीफनं उजवा हात मांडीवर टेकवला. तिथंही तो थरथरत होता. त्याला लई वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"कधीपासनं म्हाईत हाय तुला?"

"दिवाळीपासनं. च्या पिताना बशी वाजती तुमची."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी कॅमेऱ्यावर खापर फोडत व्हता. म्हटलं, फोडू द्या."

हनीफनं जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला. "उद्या अंतरपाट दूर हुईल तवा तूच काढ. म्या मागं उभा ऱ्हातो. पट्टा तेवढा तुझ्या मापाचा करून देतो."

पट्ट्याचं टोक बकलात जाईना. एकदा हुकलं, दोनदा हुकलं. जाहिदानं हात पुढं केला नाही. त्याचं होईपर्यंत ती बसून राहिली.